ब्रुस्केट्टाकाराचे एक मिनिट

शहरी मराठी यजमानांच्या अनेक प्रकारांपैकी जेवणाआधी स्वतःच्या संग्रहातली गाणी ऐकवणारा, घराचे नूतनीकरण खोलीवार दाखवणारा आणि मुलांकडून श्लोक म्हणवून घेणारा हे तीन प्रकार सर्वपरिचित आहेत. मात्र अलीकडे ज्याची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे, त्या चौथ्या प्रकाराची, म्हणजे ब्रुस्केट्टाकाराची, स्वतंत्र दखल घेणे आवश्यक झाले आहे. ब्रुस्केट्टा हा मध्य इटलीतला पदार्थ असून पावाचा जाड काप निखाऱ्यावर भाजणे, तो गरम असतानाच त्यावर लसणाची सोललेली पाकळी घासणे, वरून ऑलिव्हचे तेल सोडणे आणि चिमूटभर मीठ भुरभुरणे एवढ्यात तो पुरा होतो. ब्रुस्केट्टाकार मात्र तो संध्याकाळी सातपासून रात्री साडेनऊपर्यंत करतो. हा गृहस्थ बहुधा चाळिशीतला असून पुण्यात बाणेरला, ठाण्यात घोडबंदर रस्त्याला आणि अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनलाही आढळतो. चहा त्याला करता येतो, पण साखर कोणत्या डब्यात आहे हे विचारावे लागते. पोहे किती भिजवायचे हे त्याला ठाऊक नसते, पण पावाच्या कापाची जाडी दीड सेंटिमीटरपेक्षा कमी झाली तर पदार्थाचा आत्माच हरवतो, याविषयी तो ठाम असतो. इतरांचे उच्चार सुधारण्याचीही त्याला सवय असते. परंतु ती परदेशी पदार्थ करणाऱ्या सर्वांनाच असते, म्हणून तिचा येथे विस्तार केलेला नाही.

त्याला इतर यजमानांपासून वेगळे काढणारे लक्षण म्हणजे त्याचे ‘एकच मिनिट’. लाकडी फळीवर काप मांडून झाले, लसणाचा वास दिवाणखान्यापर्यंत पोचला आणि भुकेल्या पाहुण्याचा हात पुढे गेला, की ब्रुस्केट्टाकार मध्ये आपला तळहात आडवा धरतो आणि ‘एकच मिनिट!’ असे म्हणतो. हे मिनिट तेलाच्या शेवटच्या धारेसाठी असते. त्यानंतरचे एकच मिनिट खड्याच्या मिठासाठी आणि त्यापुढचे बेसिलच्या पानांसाठी असते. कारण बेसिलची पाने, म्हणजे ज्या झाडाचे बी मराठी घरात सब्जा म्हणून फालुद्यात घातले जाते त्याची पाने, सुरीने कापली तर काळी पडतात, म्हणून ती हाताने तोडावी लागतात, तोडण्यासाठी ती बाल्कनीतल्या कुंडीतून आणावी लागतात, आणि आणताना त्यांच्यावर शेजारच्या तुळशीचे हळदकुंकू तर उडालेले नाही ना, हे उजेडात धरून पाहावे लागते. पुढचे मिनिट छायाचित्राचे असते, आणि त्यासाठी दिव्याचा पिवळा प्रकाश चालत नसल्यामुळे फळी उचलून खिडकीपाशी नेली जाते व पाहुण्यांच्या नजरा तिच्यामागोमाग खिडकीपर्यंत जाऊन परत येतात. सर्वांत शेवटचे मिनिट निरूपणाचे असते. मिनिट साठ सेकंदांचे असते, ही समजूत या घरात चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावी लागते.

या वर्तनातली खरी गंमत अशी, की ब्रुस्केट्टा हा पदार्थ थांबायला तयार नसतो, आणि ही गोष्ट ब्रुस्केट्टाकाराइतकी दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. पाव भाजताना त्याच्या पृष्ठभागातले पाणी उडून जाते, आणि साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातली प्रथिने व शर्करा यांच्यात ती अभिक्रिया वेगाने घडू लागते, जिला लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे आणि जिच्यामुळे पावाला तांबूस रंग व खमंग वास येतो. असा कोरडा व खरखरीत झालेला पृष्ठभाग लसणाच्या पाकळीला किसणीसारखा लागतो, पाकळीच्या पेशी फुटतात, आणि अखंड पाकळीत नसलेला ॲलिसिन हा झणझणीत घटक त्या क्षणी तयार होतो. परंतु हाच कोरडेपणा पाणी शोषून घ्यायला टपलेला असतो. वरून घालायच्या चिरलेल्या टोमॅटोला मीठ लागले की परासरण होते, म्हणजे मिठाच्या ओढीने पेशींतले पाणी बाहेर येते व टोमॅटोला रस सुटतो. म्हणून टोमॅटोच्या बिया काढाव्यात, फोडी मीठ लावून चाळणीत निथळत ठेवाव्यात आणि पावावर त्या अगदी खाण्याच्या वेळी घालाव्यात, असा नियम आहे. ब्रुस्केट्टाकार हा नियम पाहुण्यांना तपशिलाने समजावून सांगतो, आणि तो समजावून सांगत असताना समोरच्या फळीवर तो नियम मोडला जात असतो. ‘पाव मऊ पडला की संपलं सगळं,’ हे वाक्य ज्या कापाकडे बोट दाखवून तो उच्चारतो, तो काप वाक्याच्या क्रियापदापर्यंत मऊ पडलेला असतो.

निरूपणाचा पहिला भाग ऐतिहासिक असतो, आणि तो बव्हंशी खरा असतो. लात्सिओ, उंब्रिया आणि तोस्काना या प्रांतांत नोव्हेंबरच्या सुमारास ऑलिव्हची फळे घाण्यावर येतात, आणि नव्या तेलाची पारख करण्यासाठी तिथे विस्तवावर पाव भाजून त्यावर ते तेल सढळ हाताने ओतण्याची रीत आहे. तोस्कानात या साध्या रूपाला फेत्तुंता म्हणतात. तिथला पाव परंपरेने बिनमिठाचा असतो, त्यामुळे तेलाचा स्वाद त्यावर उठून येतो. म्हणजे या पदार्थात मान तेलाचा असून पाव हे त्याचे आसन आहे, आणि टोमॅटो तर फार मागाहून आलेला पाहुणा आहे. अमेरिका खंडातले हे फळ इटलीत पोचल्याची एक जुनी नोंद १५४८ सालची, तोस्कानातल्या सत्ताधारी मेडिची घराण्याच्या पत्रव्यवहारातली आहे, आणि त्यानंतरही इटालियन स्वयंपाकघराने त्याला मनापासून आपलेसे करायला शतकाहून अधिक काळ घेतला. निरूपण या टप्प्यावर आले की कोपऱ्यातला एखादा पाहुणा ‘म्हणजे थांबायची सवय तिकडचीच आहे तर,’ असे पुटपुटतो आणि धीर करून हात पुढे नेतो. त्याच्या बोटांना कापाची कड लागते न लागते तोच तळहात आडवा येतो आणि पुन्हा तेच एकच मिनिट सुरू होते.

निरूपणाचा दुसरा भाग तेलाचा असतो. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे रसायनांचा वापर न करता केवळ यांत्रिक पद्धतीने काढलेले आणि ज्यात मुक्त मेदाम्लांचे प्रमाण ०.८ टक्क्यांहून अधिक नाही असे तेल, ही व्याख्या त्याला तोंडपाठ असते. अशा ताज्या तेलात ओलिओकँथल नावाचा घटक असतो, तो घशाच्या मागच्या बाजूला झोंबतो, आणि आयबुप्रोफेन या वेदनाशामकाशी त्याच्या कार्याचे साम्य असल्याचे २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते, हेही तो सांगतो. त्यामुळे एखाद्या वयस्कर पाहुण्याला चमचाभर तेल चाखून ठसका लागला, की घरातली बाकीची माणसे पाणी आणायला धावतात आणि ब्रुस्केट्टाकार मात्र ‘लागला ना काका? अस्सल आहे!’ असे म्हणत टाळीसाठी हात पुढे करतो. काकांनी खुणेने पाणी मागितले, तर चव घशात रेंगाळावी म्हणून तो त्यांनाही एकच मिनिट थांबायला सांगतो.

येथपर्यंतचा ब्रुस्केट्टाकार विद्वान असतो. त्यापुढचा प्रतिभावान असतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. टॉपिंग, म्हणजे पावावर रचायचा थर, बदलण्यात मुळात काही गैर नाही, कारण तोस्कानात भाजलेल्या पावावर शिजवलेला पांढरा घेवडा घालतात, क्रोस्तिनी नावाच्या लहान कापांवर कोंबडीच्या काळजाचे वाटण लावतात, आणि दक्षिणेत कालाब्रियाची मंडळी एनदुया हे डुकराच्या मांसाचे तिखट सारण पावावर फासतात. ब्रुस्केट्टाकाराचे पहिले प्रयोगही निर्विवाद चांगले असतात. सासवडच्या अंजिराचे काप, खारट चीज आणि मध ही जोडणी इटलीतही कोणी नाकारणार नाही. वांग्याचे भरीत, त्यावर मिरचीचा ठेचा आणि सर्वांत वर बुर्राता, म्हणजे पुलिया प्रांतातले, आत मलई भरलेले मऊ चीज, हा प्रकार तर पाहुणे दुसऱ्यांदा मागतात, आणि पहिल्यांदा तो हाती येईपर्यंत किती वेळ गेला होता हे त्या भरात विसरतात. परंतु ब्रुस्केट्टाकाराला अपयशाने थांबवता येत नाही आणि यशाने तर मुळीच नाही. गुढीपाडव्याला श्रीखंडाचा ब्रुस्केट्टा होतो, होळीला पुरणाचा होतो आणि त्यावर तेलाऐवजी तुपाची धार सोडायला एकच मिनिट मागितले जाते. आषाढी एकादशीला पाव चालत नाही म्हणून रताळ्याचे काप भाजले जातात, लसूण चालत नाही म्हणून तो गाळला जातो, ऑलिव्हचे तेल उपवासाला चालते की नाही यावर घरात एकमत होत नाही म्हणून तेही बाजूला राहते, आणि मग दाण्याची चटणी लावून ‘उपवासाचा ब्रुस्केट्टा’ जाहीर होतो. पाव, लसूण आणि तेल ही तिन्ही वजा केल्यावर जे उरते त्याला ब्रुस्केट्टा का म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी तयार असते. ते ऐकायला मात्र वेळ लागतो.

हा पदार्थ ज्या खेड्यांतून आला तिथे एकदा भाजलेला पाव कित्येक दिवस पुरवावा लागे, आणि कडक झालेला तुकडा टाकून न देता विस्तवावर धरून तेलाने जिवंत करणे हेच त्यामागचे शहाणपण होते. ब्रुस्केट्टाकाराचा पाव मात्र त्याच सकाळी आणलेला, सावरडो जातीचा, म्हणजे यीस्टची पुडी न वापरता पीठ आणि पाणी यांच्या आंबवणावर फुगवलेला असतो, आणि त्याच्या किमतीत घरात दोन दिवसांची भाजी येऊ शकते. वांगी आणि पापड भाजण्याची जाळी गॅसजवळच्या खिळ्याला टांगलेली असताना तो कापांवर काळ्या रेघा उमटाव्यात म्हणून उठावदार रेघांचा लोखंडी तवा विकत आणतो, आणि पावाची दोन्ही टोके छायाचित्रात शोभत नाहीत म्हणून कापून बाजूला सारतो. ती टोके त्याची आई गोळा करते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुस्करून, मोहरी, हिरवी मिरची, कांदा आणि हळद यांच्या फोडणीत परतून तिने केलेला फोडणीचा पाव घरातले सगळे उभ्याउभ्या खातात. इटालियन शेतकऱ्याचा वारसा त्या घरात कोणी चालवीत असेल, तर ती ही बाई होय, आणि तिने त्यावर निरूपण केल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

तथापि ब्रुस्केट्टाकाराने नेमका हाच पदार्थ का निवडला, याचा विचार केला म्हणजे त्याच्याविषयीचा राग थोडा मवाळ होतो. ज्या घरात आमटीला आईच्या हाताचे, पोह्यांना आत्याच्या हाताचे आणि उकडीच्या मोदकांना आजीच्या हाताचे माप आधीच लागलेले आहे, तिथे उशिरा आलेल्या माणसाने कशाला हात लावावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ब्रुस्केट्टाला या घरात पूर्वज नाहीत, त्यामुळे ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ असे म्हणायलाही कोणी नाही. त्याचे वडील पाहुण्यांच्या पंगतीला बसत आणि ‘त्यांना वाढा अजून’ एवढेच म्हणत. स्वतःच्या हाताने काही करून ते कोणापुढे ठेवावे असे त्यांना कधी वाटले असेल, तरी त्याची सुरुवात कुठून करायची हे त्यांना कोणी दाखवले नव्हते, आणि विचारण्याची त्या पिढीत रीत नव्हती. मुलगा निदान इटलीला वळसा घालून का होईना, स्वयंपाकघरात पोचला. त्याचे ते लांबत जाणारे मिनिटही मग वेगळे दिसू लागते. फळी रिकामी झाली की पाहुणे जेवणाच्या टेबलाकडे वळतात, तिथे त्याच्या पत्नीने आणि आईने दुपारपासून रांधलेली भरली वांगी, मसालेभात आणि मठ्ठा मांडलेला असतो, ज्याचा संध्याकाळभरच्या निरूपणात एका शब्दानेही उल्लेख झालेला नसतो, आणि तिथून पुढे त्याच्याकडे कोणी पाहत नाही. फळी भरलेली आहे तोवरच ती संध्याकाळ त्याची असते. या धावपळीत स्वतः त्याने एकही काप खाल्लेला नसतो, आणि ठसका लागलेल्या काकांसाठी त्याने एक कुरकुरीत काप वेगळा झाकून ठेवलेला असतो. भांडी मात्र तो घासत नाही. एवढी प्रगती अद्याप झालेली नाही.

म्हणून अशा घरचे आमंत्रण वाचकांनी नाकारू नये. जाताना घरून थोडे खाऊन जावे, निरूपण मान डोलावत ऐकावे, आणि पहिला काप मात्र त्या आडव्या तळहाताखालून सरळ काढून घेऊन खावा. तो क्षणभर दुखावेल, पण पावाचा कुरकुरीत आवाज कानी पडताच बाकीच्यांनाही आग्रह करू लागेल. तेलाचे कौतुक त्याच्यापाशी अवश्य करावे; आणि भरल्या वांग्यांचे कौतुक, तितक्याच मोठ्या आवाजात आणि एक मिनिटही न थांबता, ज्यांनी ती केली त्या दोघींपाशी करावे.