रबडीला चालना

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या बालाघाटात डोंगरावरच्या सीताफळाला ना कुणी खत घालतं, ना पाणी. 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. ते वेचणाऱ्या बायांना कळवायचं तेवढं राहून गेलं. त्या पहाटे डोंगर चढतात, डोळे उघडलेली फळं हेरतात, पाटीत पाला घालून रचतात आणि रस्त्याकडेला येऊन बसतात. भाव व्यापारी ठरवतो. फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, व्यापारी पडत नाही.

मग शहरात मराठवाडी खाद्यमहोत्सव भरतो. तेच सीताफळ रबडी होऊन मातीच्या वाटीत बसतं. शेजारी भाड्याची बैलगाडी, फेटे बांधलेले वाढपी (तेही भाड्याचेच). उद्घाटनाच्या भाषणात ग्रामीण अर्थव्यवस्थेला चालना मिळते. स्टॉलचं भाडं परवडलं तर एखाद्या बचत गटालाही मिळते. मांडववाला, लाइटवाला आणि स्पीकरवाला यांना मात्र ती आगाऊ आणि रोख मिळते.

भाकरी-ठेचा 'अस्सल' म्हणून विकला जातो तेव्हा तो रोज खाणारी अस्सल माणसं धारूर तालुक्यात नसतातच. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ती साखर कारखान्यांकडे निघून गेलेली असतात. अंधारात उठून तीच भाकरी थापतात आणि फडात नेतात. तिथे सेल्फी पॉइंट नाही.

धारूरचा किल्ला बघायला आलात तर पाटीतलं सीताफळ जरूर घ्या. आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. रबडीच्या वेळी केली नव्हती.