घराचं पासिंग

आम्हा ट्रकमालकांच्या गप्पांत गिअरबॉक्स उघडला गेला की कुणी मागं हटत नाही. नांदेडच्या नव्या मोंढ्यात गाडी लोडिंगला लागलेली असो की लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनचे कट्टे उतरत असोत, हमाल वजन उचलतात आणि आम्ही विषय. जॉइंट क्रॉस कुणाचा ओरिजिनल, हबचं ग्रीसिंग किती किलोमीटरला, रिमोल्ड केलेला टायर कुणाचा जास्त चालला. टायर प्रत्येकाचाच दुसऱ्यापेक्षा जास्त चाललेला असतो. या बाबतीत आम्ही काट्यावर तोलून बोलत नाही. पण त्याच मंडळींत कुणी घरच्या मोरीतला नळ काढला, म्हणजे बोलण्यात काढला, की एकेकाचा आवाज उतरतो. कुणी म्हणतं एम-सील लाव, कुणी म्हणतं प्लंबर बोलाव, आणि गाडी पुन्हा क्लचप्लेटवर येते, जिथं आमची अब्रू शाबूत आहे. माझं म्हणणं असं, की यात अज्ञान थोडं आणि तोरा जास्त. ट्रक हे यंत्र आहे हे आम्ही मान्य केलंय, म्हणून त्याच्याखाली पाठीवर झोपायला लाज वाटत नाही. घर मात्र इस्टेट. इस्टेटीखाली कोण झोपतो? आता मालकीच बघायची तर आरसीवर फायनान्सचा बोजा, घराचा आठ-अ अजून वडिलांच्या नावानं, गाडीची चावी ड्रायव्हरकडे आणि घराची घरच्या बाईकडे. एवढं सगळं वजा जाता जी मालकी उरते ती आम्ही खिशाला अडकवलेल्या हवेच्या गेजवर मिरवतो. हे ‘आम्ही’ मी मुद्दाम लिहितोय. अनेकवचनात स्वतःचा वाटा लहान दिसतो.

पुरावा द्यायचा तर पाण्यापासून देतो. बॅटरीत बोअरचं पाणी घालणारा मालक शोधून सापडायचा नाही. डिस्टिल्ड वॉटरची बाटली विकतच आणायची. रेडिएटरात कूलंट, तेही डब्यावरचं प्रमाण वाचून. कारण विचारा, कुणीही सांगेल: बोअरच्या पाण्यात क्षार, पाणी तापलं की क्षार धरतात, नळ्या चोंदतात, इंजिन गरम होतं. रसायनशास्त्र इतकं पाठ असलेला हाच माणूस तेच पाणी घरच्या गीझरात सोडतो आणि कॉइल गेली की कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. अरे, गीझरला पाणी तापवण्याखेरीज दुसरा उद्योग काय आहे? काढलेली कॉइल एकदा हातात घेऊन बघावी. धातू दिसतच नाही, चुन्याचं कणीस दिसतं. लातूरला पाणी किती, हा प्रश्न 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून आल्या तेव्हा सगळ्या देशाला कळला. पाणी कसलं, हा प्रश्न गीझर सोडून कुणी विचारत नाही. तीच गोष्ट जुन्या पार्टची. मिस्त्रीनं बेअरिंग बदललं की जुनं परत मागायचं, हा आमचा धर्म. ते बोटात फिरवायचं, कानाशी धरायचं, खरंच गेलं होतं याची खात्री करायची आणि सीटखालच्या पेटीत टाकायचं. प्लंबरनं नळाचा वायसर बदलला तेव्हा जुना वायसर मागितलेला मालक दाखवा. मागितला असता तर दिसलं असतं: नखापेक्षा थोडी मोठी रबराची चकती, आणि रोज कचकचून नळ आवळणाऱ्याच्या ताकदीनं तिच्यात पडलेली गोल खाच. म्हणजे नळ गळतो म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावतो म्हणून नळ गळतो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला आपण याच गुन्ह्याबद्दल झापतो.

इथं एक आक्षेप येतो आणि तो माझ्या विशेष आवडीचा असल्यामुळं वाचकांनी जरा मांडी ठोकून बसावं. आक्षेप असा, की घरात आमच्या पेटीतला एकही पाना लागत नाही, मग आम्ही करायचं काय? हे खरं आहे, आणि त्यात आमचा दोष नाही, युरोपचा आहे. टाटांचे ट्रक 1954 पासून डेमलर-बेंझच्या सहकार्यानं जमशेदपूरला बनू लागले. जर्मन माणूस मिलिमीटरचा. म्हणून पेटीत 10-11, 12-13, 16-17, 18-19 अशी जोडपी. 8 मिलिमीटरच्या बोल्टच्या डोक्याला 13 चा पाना. 10 च्या बोल्टला जुन्या जर्मन हिशेबानं 17 चा आणि नंतरच्या आंतरराष्ट्रीय हिशेबानं 16 चा, पण दोघं एकाच दांडीच्या दोन टोकांना गुण्यागोविंदानं नांदतात. 12 च्या बोल्टचं तसंच, 19 नाहीतर 18. गॅरेजात असा सगळा कारभार चोख, आणि न्हाणीघरात पाऊल टाकलं की इंच! 1841 साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअरनं बोल्टच्या आट्यांचं माप ठरवून मांडलं, आट्याचा कोन 55 अंशांचा. मिलिमीटरवाल्यांचा 60. पाइपाच्या आट्यांनी इंग्रजी कोन धरला तो आजतागायत सोडलेला नाही. अर्ध्या इंची पाइपाला इंचात 14 आटे. आणि गंमत म्हणजे तो अर्धा इंच कुठंच सापडत नाही. अर्धा इंच म्हणजे पावणेतेरा मिलिमीटरही नव्हे, आणि आट्यांवरून बाहेरून मोजा, 21 भरतो. जुन्या जाड लोखंडी पाइपाच्या आतल्या भोकावरून पडलेलं ते नाव. पुढं पाइप पातळ झाला, भोक वाढलं, नाव तेवढंच राहिलं. देशात 1956 ला मेट्रिकचा कायदा झाला. शेर गेला, मण गेला, मैलाचे दगड किलोमीटरचे झाले, पाइप इंचातच. त्यातून आपला मराठवाडा तर इंग्रजांच्या थेट अमलात कधी नव्हताच. निजामाच्या तावडीतून 17 सप्टेंबर 1948 ला सुटलो. ज्यांचं राज्य आपल्यावर नव्हतं त्यांच्या इंचातून मात्र सुटका नाही. गॅरेजात जर्मनी, न्हाणीघरात इंग्लंड आणि दोघांच्या वादात ओल धरलेली आमची भिंत. हा इतिहास मला इतका प्रिय आहे, की नळ गळत असतानाही मी तो न चुकता पूर्ण सांगू शकतो. नळ मात्र ऐकून थांबत नाही.

आक्षेपाचं उत्तर खरं तर एका ओळीचं होतं: पाइप पान्याला नंबरच नसतो, जबडा सरकवला की झालं. तो पाना पेटीत घ्यायला आम्हाला कुणी अडवलेलं नाही. पण त्यात ऐट नाही. रिंग पान्यांचा चकचकीत सेट उघडून दाखवण्यात जी शान आहे ती लाल रंग उडालेल्या पाइप पान्यात कुठून येणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गाडी चालते म्हणून झिजते, घर आपलं एका जागी उभं, त्याला कसलं आलंय सर्व्हिसिंग? ज्यानं हे म्हटलं त्यानं आपली काळी माती विसरून म्हटलं. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर वरच्यावर पाया घेऊन बांधलेलं घर दर साली थोडं उचललं जातं, थोडं बसतं. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढणारी भेग त्याचीच. वैशाखात तीत नाणं जातं, श्रावणात ती मिटते, दसऱ्याला आपण पुट्टी भरून रंग देतो आणि पुढच्या वैशाखात रंगवाल्याला शिव्या देतो. पाटा तुटून एका अंगाला बसलेल्या गाडीला नुसता रंग मारून भाड्याला पाठवणाऱ्या मालकाला आपण मोंढ्यात उभं करणार नाही. पाटा का तुटला हे आधी बघतो: माल एका बाजूला चढला होता का, यू-बोल्ट ढिले होते का, वजन किती होतं. घराला हे प्रश्न आपण विचारत नाही.

वजनाचा प्रश्न तर आपल्या भागात विचारायलाच हवा होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंपात जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक स्वतःच्या घराखाली गेली. घरं दगडमातीची, भिंती चांगल्या दोन-अडीच फूट रुंद, बघणाऱ्याला किल्ला वाटावा अशा. पण भिंत म्हणजे दोन्ही बाजूंना दगडांचे दोन थर आणि मधे चिखल-कपच्यांची भर. दोन्ही थरांना बांधून धरणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर माळवद. माळवद गळलं की त्यावर पांढरी माती टाकायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची दुरुस्ती. आधीची काढायची नाही, वर आणखी टाकायची. हिशेब आपल्यालाही जमतो: 10 बाय 12 ची खोली, दीड फूट माती, म्हणजे 180 घनफूट, वजन 8 टनांच्या आसपास. एवढं टाटा 407 वर चढवायला कुणी सांगितलं तर आपण त्याला खुळ्यात काढू. दहाचाकी गाडीचं एकूण वजन 25 टनांवरून साडेअठ्ठावीस करायला सरकारला 2018 उजाडावं लागलं, आणि तेव्हाही एक्सल, टायर, ब्रेक यांवर वाद झाला. माळवदाच्या 8 टनांवर वाद झाला नाही, कारण ते ओझं कुणी एका दिवसात चढवलं नव्हतं. वडिलांनी टाकलं, आजोबांनी टाकलं, घर कोरडं राहावं म्हणून मायेनं टाकलं. याच्यावर मला विनोद सुचत नाही. नंतर 52 गावं नव्या जागी वसली, उरलेल्या गावांत भिंतींतून आरपार दुवे घालून घरं बळकट करण्याचं काम झालं, आणि आज त्याच पट्ट्यात जुन्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर कोबा, त्यावर फरशी, त्यावर हजार लिटरची टाकी चढते. टाकी भरली की एकटीच एक टन, आणि तिच्या शेजारी दुसरी बसवताना खालच्या कॉलमला कुणी विचारत नाही.

तिसरा आक्षेप रोकडा: गाडी कमावते, घर खातं, पैसा कमावणाऱ्यावर लावायचा. मीही हा आक्षेप अनेकदा, चांगल्या आवाजात, मांडलेला आहे. त्यात खोट एवढीच, की गाडीवर पैसा लावतो तो ती कमावते म्हणून नव्हे, तर तिचं गाऱ्हाणं सांगणाऱ्याचं आपण ऐकतो म्हणून. अहमदपूरच्या पुढून रात्री दोनला ड्रायव्हरचा फोन येतो, “मालक, मागल्या चाकातनं गर्मी यायलीय,” की आपण अंथरुणात उठून बसतो. बाजूला घे, पाणी मारू नको, हब थंड होऊ दे. एका वाक्यावर विश्वास. आणि घरात सकाळ-संध्याकाळ वावरणारी, टाकी भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ न बघता जाणणारी बाई म्हणते, “अवो, मोटारीचा आवाज बदललाय बघा,” तर आपण म्हणतो, बघू. ती म्हणते स्विचबोर्ड गरम लागतोय. आपण म्हणतो, तुला वाटतंय. ड्रायव्हरला वाटत नाही, त्याला कळतं. हिला कळत नाही, हिला वाटतं. मग कपॅसिटर उडतो, मोटार जळते, वाइंडिंगवाला हजारांचा आकडा सांगतो, आणि आपण मोंढ्यात येऊन चार जणांत म्हणतो, काय सांगावं, अचानक गेली. अचानक! घरातल्या दुरुस्तीची जी अचानकं आम्ही एकमेकांना सांगतो, त्यातली निम्मी तरी महिनाभर आधी जेवताना आम्हाला सांगून झालेली असतात. गाडीत यालाच आपण ड्रायव्हरचा हलगर्जीपणा म्हणून पगारातून कापतो. इथं कुणाच्या पगारातून कापायचं, हा प्रश्न मी सोडून देतो, कारण उत्तर मला परवडणारं नाही.

एवढं ऐकल्यावर कुणीतरी म्हणणारच, मग काय घरालाही आरटीओत न्यायचं? गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दर वर्षी फिटनेस लागतो, तसा घराला लावायचा? तत्त्व म्हणून मी हो म्हणेन. पाया, वायरिंग, टाकी, कठडा एखाद्या जाणत्यानं ठरावीक काळानं बघितला तर बिघडलं कुठं? पण आम्ही ज्या तऱ्हेनं गाड्या पास करून आणतो ती तऱ्हा आठवली की तत्त्व डळमळतं. घराच्या दर्शनी बाजूला पांढरी, मागं लाल आणि दोन्ही अंगांना पिवळी रेडियमची पट्टी लावायचं फर्मान निघेल. गेटबाहेर टेबल टाकून एजंट बसेल. तो घराकडे मान वर करूनसुद्धा न बघता फाइल चाळेल आणि म्हणेल, मालक, भेगांचं टेन्शन घेऊ नका, साहेब बाहेरूनच बघतेत. आणि तुमची टाकी गळत असेल तर न गळणारी एक आपल्याकडे आहे. पासिंगपुरती चढवू, दुपारच्याला उतरवून घेऊ. चारला ती पलीकडच्या गल्लीत लागते.