पुडीवाले अण्णा

नव्या बुटांचं खोकं घेऊन तुम्ही जिना चढता, दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं आणि आवाज येतो, "पुडी टाकू नका हं!" बुटांबद्दल चकार शब्द नाही. ओळखलंत ना? हेच ते अण्णा.

सिलिका जेलची पुडी. अण्णांकडे इंकजेटच्या फोटोपेपरचं पाकीट आहे आणि राहणं डोंबिवलीत, जिथे जुलैत भिंतीसुद्धा घामेजतात. भाचीच्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते, तेव्हा अण्णा नवरीच्या नव्या पर्समध्ये पुडी शोधत होते. निळे दाणे दमट होऊन गुलाबी झाले की अण्णा ते ओव्हनमध्ये वाळवतात. आत वहिनींचा केक असला तर तो बाहेर येतो.

कागद पिवळा कशाने पडतो, हे त्यांना विचारू नये. शुभ्रतेसाठी घातलेली रसायनं उजेडाने मरतात. पुठ्ठ्यातलं लिग्निन, काही प्लॅस्टिकमधलं बीएचटी आणि हवेतले वायू वरचा सच्छिद्र थर शोषून घेतो. आणि पिवळेपणा कडेकडून आत सरकतो. म्हणून कागद मूळ पाकिटात, आडवा, तीस ते पन्नास टक्के आर्द्रतेत. पीव्हीसीचं फोल्डर नको, डांबरगोळ्या तर नकोतच. त्यासाठी लोखंडी कपाटातला वहिनींचा शालू माळ्यावर गेला. जिन्याला ऑइलपेंट लागला तेव्हा पाकीट आठवडाभर कल्याणला, वहिनींच्या माहेरी होतं. वहिनी मात्र इथेच.

आणि छपाई? शून्य. "तसा फोटो तर मिळू दे!"

मग चौथ्या मजल्यावरच्या आजी गेल्या. भिंतीवर लावायला घरात एकही फोटो नाही. होता तो नातवाच्या मोबाइलमध्ये, पापड लाटताना हसणारा. रात्री अकराला अण्णांनी कुणी न सांगता कात्री घेतली आणि पाकीट फोडलं. प्रिंटरच्या हेडमध्ये शाई वाळलेली, ती मोकळी करण्यातच तास गेला. फोटो हातात देताना एवढंच म्हणाले, "काचेला चिकटू देऊ नका, आणि उन्हात लावू नका." माणूस विक्षिप्त आहे, पण त्या रात्री सोसायटीत उपयोगी पडलेला तो एकटाच.

पाकिटावर दुकानदाराने पेनाने घातलेली तारीख 2011 ची होती. कागद कडेपर्यंत पांढराशुभ्र निघाला.

उरलेले एकोणीस परत कपाटात गेले. शालू अजून माळ्यावरच आहे.