फेब्रुवारीचा क्षय

३१ जानेवारीत एक महिना मिळवा. शाळकरी पोर म्हणेल, फेब्रुवारीअखेर. जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा म्हणते, ३ मार्च. (लीप वर्षात २ मार्च. तेवढी ती हिशेबाला चोख.) तिने ३१ फेब्रुवारी शोधला, सापडला नाही, तर उरलेले तीन दिवस मार्चच्या खात्यात ढकलून मोकळी झाली. कुरकुर नाही की इशारा नाही.

विम्याच्या हप्त्याची आठवण मी अशीच लावली होती. दर वेळी आधीच्या तारखेत एक महिना मिळवायचा, झालं. फेब्रुवारीत आठवण आलीच नाही. मार्चपासून मात्र दर ३ तारखेला इमानेइतबारे येते, दंड भरून झाल्यावर.

आपल्याकडेही तिथीचा क्षय होतो, पण पंचांगात तो आधी छापून येतो. २०२३ मध्ये श्रावण दोनदा आला, तोही सांगून-सवरून. इथे अख्खा फेब्रुवारी गेला आणि सुतक कुणालाच नाही.

जावास्क्रिप्टमध्ये तारखा एकपासून आणि महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, डिसेंबर अकरा. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी ती दहा दिवसांत उभी केली, तेव्हा तारखांचा कारभार जावा या दुसऱ्या भाषेकडून उसना आणला. जावाने दोन वर्षांत त्यातला बराचसा माल मोडीत काढला. उसना नेणाऱ्याच्या घरी तो अजून रोजच्या वापरात आहे.

पुण्यात बसून फॉर्मात १५ जानेवारी ही जन्मतारीख निवडा. यंत्र ती मध्यरात्रीची वेळ धरतं, ग्रिनिचच्या घड्याळात बदलताना साडेपाच तास वजा करतं आणि १४ तारखेची संध्याकाळ लिहून ठेवतं. वेळ टाकून नुसती तारीख उचलली की माणूस एक दिवस आधी जन्मलेला. जन्मरास बदलली तर ज्योतिषाला दोष देऊ नये.

आता जावास्क्रिप्टसाठी टेम्पोरल नावाची तारखांची नवी व्यवस्था ब्राउझरांत येऊ लागली आहे. तिच्यात जानेवारी एक नंबरचा आहे आणि ३१ जानेवारीत महिना मिळवला की फेब्रुवारीचा शेवटचा दिवस मिळतो. मी हौसेने आठवण तिच्यावर नेली. २८ फेब्रुवारीला आली. त्यात एक महिना मिळवला, २८ मार्च. मग २८ एप्रिल. ३१ चा रस्ता ती विसरली ती विसरलीच.

बायको म्हणते, राहू दे, निदान दंड तरी वाचतोय.