भिंगांची चंची

कासच्या पठारावर माझ्या कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावलेली असली, की समोर तेरड्याचा गालिचा पसरतो. घाईघाईने ती काढून वाइड चढवावी, तर बुटाच्या टोकाशी नखाएवढी दवबिंदू, ती किडे खाणारी वनस्पती, एक किडा धरून बसलेली असते. जावळी तालुक्यातल्या आमच्या मेढ्याहून कास हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हा अपमान मला दर सप्टेंबरात जवळच्या जवळ मिळतो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कॅमेरा आणि दातांत लेन्सचं झाकण, अशा अवस्थेत मला बघायची पठारावरच्या पहारेकऱ्यांनाही आता सवय झाली आहे.

अशा माणसाने पाण्याखाली जाऊ नये. पण गेलो.

खरं म्हणजे आम्हा जावळीकरांना पाण्याखालचं काही कौतुक नसावं. कोयनेच्या शिवसागरात तालुक्यातली गावंच्या गावं गेली, कण्हेरच्या धरणात वेण्णाकाठची जमीन गेली. पाण्याखाली काय असतं, ते आम्हाला विचारा. तिथे आज्ज्याचं शेत असतं. म्हणून मी पन्नाशीला टेकल्यावर स्कूबा शिकायला मालवणला निघालो, तेव्हा आई म्हणाली, "आपली मान्सं पान्यातनं वर आली, आन् ह्यो पैसं मोजून खाली चाललाय."

मालवणात पहिला घोळ जमिनीवरच झाला. बोटीवरच्या पोराने विचारलं, "खयसून इलात?" मी छाती काढून म्हणालो, "मेढ्याहून." तो म्हणाला, "मेढ्यातले? मगे कधी दिसलात नाय ते!" मालवण शहरातही मेढा नावाचा भाग आहे, राजकोटाच्या शेजारी, हे मला कोण सांगणार? घाट उतरून दिवसभराचा प्रवास करून आलेला मी, आणि हा मला गल्लीतला समजून आडनाव विचारतोय.

तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हौशी लोकांना पाठीमागून धरून खाली नेऊन आणतात. मी दोन्ही पायऱ्या चढलो, म्हणजे उतरलो. कॅमेरा मात्र आधी स्वतःला सांभाळता आल्याशिवाय हातात मिळाला नाही. ही अट लग्नालाही असती तर बरं झालं असतं.

आता मुद्द्याची अडचण. पाण्याखाली लेन्स बदलता येत नाही. कॅमेऱ्याभोवतीचं जलरोधक कवच, म्हणजे हाउसिंग, उघडलं की समुद्र आत. समुद्रसंशोधक कूस्तोच्या जहाजाच्या नावाचा 'कॅलिप्सो' कॅमेरा पुढे निकॉनने घेतला आणि 1963 मध्ये 'निकोनॉस' म्हणून बाजारात आणला. हाउसिंग नको, थेट बुडवा, असा तो पठ्ठ्या. त्याच्याही लेन्सा बदलायच्या त्या काठावर, अंग पुसून. हे वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे पाऊण तास एकाच लेन्सशी एकनिष्ठ राहायचं?

त्यावर उतारा निघाला 'वेट लेन्स'चा. हाउसिंगच्या काचेबाहेर 67 मिलिमीटरचे आटे असतात, त्यावर ही भिंगं बाहेरून चढवायची आणि पाण्यातच काढायची. एक क्लोजअप, सेंटिमीटरभराच्या जिवासाठी. दुसरं वाइड, कारण पाणी गढूळ असलं की विषयाच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की विषय मावत नाही. मी एक जुना छोटा कॅमेरा, त्याचं हाउसिंग आणि दोन्ही भिंगं घेऊन मोकळा झालो. मोकळा म्हणजे खिशाने.

हाउसिंगची परीक्षा घरच्या हौदात झाली. कॅमेऱ्याऐवजी आत टिश्यू पेपर ठेवून बुडवायचं आणि कागद कोरडा निघतो का बघायचं. हाउसिंगच्या दाराला रबरी ओ-रिंग असते, तिच्यावर एक केस अडकला तरी पाणी वाट काढतं. माझ्या डोक्याकडून तसा धोका उरलेला नाही, पण घरात मांजर आहे. आईने रिंग हातात घेऊन निरखली आणि निकाल दिला, "कुकरचीच हाय की. खोबरेल लाव." तिला सिलिकॉन ग्रीस समजावून सांगताना मांजर टेबलावर येऊन बसलं.

राहिला प्रश्न वाहून न्यायचा. जाकिटाच्या खिशात भिंगं ठेवली, तर काच जड असल्याने मी एकीकडे ओझं लादलेल्या बैलासारखा कलतो. तेव्हा मला आज्ज्याची चंची आठवली. पानाला एक कप्पा, सुपारीला दुसरा, चुन्याची डबी आणि अडकित्ता आपापल्या घरात, आणि वरून दोरीचा वेढा. गुरं वळताना, पाऊस झोडपत असताना तो न बघता नेमका कात काढायचा. मी तश्शीच जाळीची चंची शिवून घेतली आणि तळाच्या पट्टीला भोकं पाडून धातूच्या रिंगा बसवायला बाजारात चांभाराकडे गेलो.

"भोकं कशाला?"

"पाणी निघून जायला."

"मग पान्यात नेताच कशाला?"

एवढ्या मूलभूत प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने रिंगा ठोकल्या, पैसे घेतले, आणि शेजारच्या दुकानदाराकडे बघून मान हलवली.

प्रत्यक्ष पाण्यात सगळं आज्ज्यासारखं चाललं, कात काढेपर्यंत. वाळूत, एका खडकाच्या पायथ्याशी, काहीतरी इवलंसं आणि निळं दिसलं. मी क्लोजअप काढून चढवायला घेतलं. हातमोजे, त्यात पाण्यात प्रत्येक वस्तू एक तृतीयांश मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते, म्हणजे आटे आहेत तिथे दिसत नाहीत. लोणच्याच्या बरणीचं झाकण तिरकं बसावं तसं भिंग तिरकं बसलं. सरळ केलं तर भिंग आणि काच यांच्यामध्ये हवेचा बुडबुडा अडकला. तो घालवायला आटे पुन्हा सैल करायचे. तोवर माझेच ढिले झाले होते.

तेवढ्यात गाइडने बोटांचं वेटोळं करून विचारलं, ठीक ना? माझ्या डाव्या हातात कॅमेरा, उजव्यात भिंग. एक अंगठा कसाबसा मोकळा होता, तो मी उंचावला. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'झकास' नसतो, 'वर चला' असतो. हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. त्याने गंभीर चेहऱ्याने माझा दंड धरला. मी घाईने 'नाही, नाही' असा हात हलवला, ज्या हातात भिंग होतं तो.

भिंग शांतपणे, एखाद्या अनुभवी पाणबुड्यासारखं, खाली गेलं. त्याची चाल माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती.

गाइडनेच ते वाळूतून उचलून आणलं आणि स्वतःकडे ठेवलं. वर बोटीवर ते मला परत देताना म्हणाला, "सर, लोक हय माशे बघूक येतत. तुमी खिसे तपासूक इलात." मग त्याने एक नायलॉनची दोरी आणि दोन्ही टोकांना उघडणारा हूक काढला आणि गुराला दावं बांधावं तसं एकेक भिंग चंचीला बांधून दिलं. आधी बांधायचं, मग आटे सोडायचे. चढवून झालं की मगच दावं काढायचं. माझ्या आज्ज्याने हे मला फुकट शिकवलं असतं.

नंतरच्या डाइव्हमध्ये भिंग पडलं नाही. वाइड लावलं होतं, आणि पाऊण तास मला सगळे जीव बोटाच्या पेराएवढेच भेटले.

घरी आल्यावर सगळा सरंजाम गोड्या पाण्यात भिजत ठेवायचा असतो, मीठ चिकटून राहू नये म्हणून. चंची मी पिळून दोरीवर वाळत घातली. दुसऱ्या दिवशी ती दोरीवर नव्हती. स्वयंपाकघरात गेलो, तर खुंटीला टांगलेली, आणि रिंगांतून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"झ्याक पिशवी हाय," आई म्हणाली. "पानी सगळं निथळतंय, वारा बी लागतोय. एका रातीत मोड आलं."

एका कप्प्यात मटकी होती, दुसऱ्यात हुलगे. आता मालवणला जायचं ठरलं की मला दोन दिवस आधी तिला सांगावं लागतं.