गाळून उरलेल्यांचा निकाल

ॲरिझोनात चँडलर-गिल्बर्टकडे घर शोधणारं मराठी कुटुंब आधी शाळेचा नंबर बघतं, मग स्वयंपाकघर. दहापैकी किती गुण, राज्यात कितवी, देशात कितवी. 'पहिली' म्हटलं की चौकशी थांबते. फसगत होते ती इथेच.

चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, पण तिचा कारभार स्वतंत्र संस्थेकडे असतो. पहिला कायदा मिनेसोटाने 1991 साली केला, ॲरिझोनाने 1994 साली. प्रवेशपरीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत निघते.

2018 साली 'यू. एस. न्यूज'च्या देशव्यापी यादीत पहिल्या पाचही शाळा ॲरिझोनातल्या 'बेसिस' या एकाच चार्टर साखळीच्या होत्या. मुलांची आणि शिक्षकांची मेहनत खरी, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या वर्षीच्या क्रमवारीचा निकष बघा: बारावीतल्या किती मुलांनी एपी (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षा दिल्या आणि किती उत्तीर्ण झाले. या शाळांत एपी सक्तीची. सहावीत आलेलं आणि आठवीत अभ्यास झेपेना म्हणून दाखला काढून शेजारच्या शाळेत गेलेलं मूल या हिशेबात कुठेच नव्हतं. त्याला सांभाळून घेणारी शेजारची शाळा मात्र यादीत खाली घसरायची.

म्हणून गुण बघण्याआधी पट बघा. ॲरिझोनाचं शिक्षण खातं दरवर्षी 1 ऑक्टोबरची पटसंख्या शाळावार, इयत्तावार जाहीर करतं. यंदाच्या बारावीचा आकडा घ्या आणि सहा वर्षांपूर्वीच्या तक्त्यात हीच मुलं सहावीत होती तेव्हाचा आकडा शेजारी मांडा. मधली गळती किती, रिकाम्या जागा भरल्या की तशाच सोडल्या, हे शाळेला तोंडावर विचारा.

मग दुपारी शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभे राहा. अनेक चार्टर शाळांना बस नाही. रणरणत्या उन्हात मोटारींची रांग वळणापर्यंत गेलेली असते. ज्या घरात दोघंही पाळीवर कामाला जातात आणि गाडी एकच, ते घर सोडतीत अर्जच करत नाही. सोडत निष्पक्ष असते, पण तिच्यापर्यंत पोचणाऱ्यांपुरतीच.

'चार्टर' या पाटीवर भाळू नका, तिला नावंही ठेवू नका. स्टॅनफर्डच्या 'क्रेडो' संस्थेच्या 2023 च्या अभ्यासात चार्टरची मुलं नेहमीच्या सरकारी शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा सरासरीने वाचनात 16 दिवसांच्या, गणितात 6 दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे होती. ऑनलाइन चार्टरची मुलं मात्र गणितात 124 दिवसांनी मागे. पाटी एकच, शाळेशाळेत जमीन-अस्मानाचा फरक.

आठवीपर्यंतच्या शाळांना ॲरिझोना राज्य जी श्रेणी देतं, तिच्यात मुलांच्या प्रगतीला 50 टक्के वजन आहे आणि नुसत्या पातळीला 30. पालकांनीही हाच क्रम धरावा: मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि शाळेने त्याला कुठवर नेलं?

मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, मागे पडलेल्या मुलासाठी तुम्ही काय करता? 'आमची शाळा सगळ्यांना झेपत नाही' असं उत्तर आलं, तर यादीत ती पहिली असली तरी जनतेच्या पैशावर चालणारी शाळा म्हणून ती नापास आहे.