शिदोरीने मोजलेले अंतर

मुंबई आणि न्यूयॉर्क यांमधील हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे, हे विधान निर्विवाद असले तरी त्याची चौकशी करणारा मनुष्य सहसा आढळत नाही. कारण पुणे किती लांब, या प्रश्नाला 'तीन तास' असे उत्तर देणारा समाज अंतर तासांतच मोजतो. किलोमीटरचा तो आकडा बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रालाच आपले केंद्र मानून तिच्या पृष्ठावर काढलेल्या सर्वांत मोठ्या वर्तुळावर, मोजलेला असतो. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवणाऱ्यास वाट अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाईल असे वाटते. परंतु गोलावरील सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे चढत 65 अंश अक्षांशाच्या आसपास पोहोचते, त्यामुळे सुती सदऱ्यातला प्रवासी जवळच्या रस्त्याने जाताजाता आर्क्टिकच्या उंबरठ्याला पाय लावून येतो.

ताशी 900 किलोमीटर वेगाने ही मजल चौदा तासांत संपावी; तिकिटावर मात्र साडेपंधरा-सोळा तास छापलेले असतात. तिकिटावरचा काळ हा 'ब्लॉक टाइम', म्हणजे चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून मुक्कामी ते पुन्हा लावेपर्यंतचा काळ असतो आणि धावपट्टीकडे मुंगीच्या पावलांनी सरकणेही त्यात धरलेले असते. त्यातच कुठल्या देशाचे आकाश बंद असले तर वळसा पडतो, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम हा उंचावरील वेगवान वारा जाताना आडवा येतो, येताना पाठ थोपटतो. माहेराहून निघताना जड होणाऱ्या पावलांना असे शास्त्रीय कारण क्वचितच मिळते.

घड्याळ तर उघड फितूर असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क साडेदहा तास मागे असल्यामुळे मुंबईहून पहाटे दोनला निघालेले विमान साडेपंधरा तास उडून त्याच दिवशी सकाळी सातला उतरते. घड्याळाच्या हिशेबाने हा प्रवास पाच तासांचा, म्हणजे एसटीने पुण्याहून कोल्हापूर गाठण्याइतका भरतो. परतीचा मात्र पुरता एक दिवस गिळतो.

या सर्व पद्धतींपेक्षा डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातील पद्धत अधिक काटेकोर मानावी लागते. तेथील माउली अक्षांश पाहत नाही. रात्री नऊला दाराबाहेर पडणारा मुलगा 'तिकडे विमानात देतात गं खायला' असे म्हणत असताना ती दशम्यांची चौथी चवड शेंगदाण्याच्या चटणीसह डब्यात दाबून बसवते. विमानतळाची वाट व तेथील रांगा यांचे पाच तास, उड्डाणाचे साडेपंधरा, उतरल्यावर शिक्का, सामान आणि न्यू जर्सीपर्यंतची मोटार यांचे साडेतीन, अशी बेरीज बरोबर चोवीस होते. आणि शेवटची दशमी संपते तेव्हा मोटार घराच्या दारात उभी असते.